पाठीवरची सही

क्रोफोरोम, २३ मार्च १९९८

दादा,

तुला पत्र लिहायला मला सात वर्षं लागली, तीही आई गेली म्हणून. अक्षर बिघडलं असेल तर दोष तुझाच, शिकवलंस तूच. हे टपालाने पाठवतेय. तुझा तेमाचा पत्ता मयताच्या दिवशी वहिनीने दिला, तोही हळूच, जसं काही मी उद्याच पोराबाळांसकट राहायला येणार आहे.

इकडे सगळं ठीक आहे. मांडववाल्याचे पैसे दिले. खुर्च्या चार कमी भरल्या, त्याचं भांडण चालू आहे. लोक अजून तुझंच बोलतात. लाउडस्पीकरवर देणग्या वाचणाऱ्याने तुझं नाव तीनदा घेतलं: "थोरला मुलगा, क्वाबेना त्वुमासी, तेमा, आईच्या पेटीसाठी वीस लाख सेडी." दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा ढोलवालेसुद्धा थांबले. चर्चच्या बायकांनी रुमाल हलवले. मीही हलवला.

चेक सुखरूप आहे. तू मांडवामागे नेऊन कानात जे सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे: "बँकेत टाकू नकोस, न्यारको. महिन्याभरात रोख पाठवतो, मग फाडून टाक." मी मान हलवली. आपल्याकडे असं चालतं हे मला काय नवीन नाही. मोठी माणसं मयताला चेक देतात, टाळ्या होतात, आणि सोमवारी घरातलं कुणीतरी तो गुपचूप परत नेऊन देतं. नाव होतं, कुणाचं काही जात नाही.

एवढंच विचारायचं होतं की आईची पेटी मुलांनी द्यायची असते, आणि पेटी तर जमिनीखाली गेली. आग्या फोफी सुताराचे पैसे बाकी आहेत. तू महिना म्हणालास, त्यातले सोळा दिवस गेले. तुझ्या खात्यात तेवढे आहेत ना? सहज विचारतेय.

पेटीत डाव्या बाजूला सुताराने कापसाची जाड गादी घातली होती, ती तू पाहिलीस का? आईला त्या कुशीवर झोपता येत नसे. म्हातारा ते विसरला नव्हता. तू घाईत होतास, बहुतेक पाहिली नसशील.

तुझी बहीण,
न्यारकोआ


क्रोफोरोम, १७ एप्रिल

दादा,

टपालाचं उत्तर आलं नाही. म्हणून हे सालिफूच्या हाती देतेय. तो तेमाची बस चालवतो आणि स्टँडवर माझेच पाव खातो, त्यामुळे पत्र हरवणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की चेक सुखरूप आहे. सुखरूप असेलही, पण तो माझ्याकडे नाही. तेव्हाही नव्हता.

मयतानंतर आठव्या दिवशी आग्या फोफी आले आणि भट्टीजवळच्या बाकावर बसले. आवाज चढवला नाही, तुला माहितीये ते कसे आहेत. म्हणाले, "पोरी, लाउडस्पीकर मीपण ऐकला. पेटीसाठीच दिलाय ना तो चेक? मग तो माझाच झाला की." मी म्हटलं, दादा रोख पाठवणार आहे. ते म्हणाले, "कुमासीच्या लाकूडवालीने फळ्या उधार दिल्यात. तिला काय सांगू, तुझा दादा पाठवणार आहे म्हणून?"

खरं सांगते, मला तुझा राग आला होता. सात वर्षं तिची कूस मी बदलली. तू आलास, अर्धा दिवस पांढऱ्या गाडीपाशी उभा राहिलास, आणि टाळ्या घेऊन गेलास. मला वाटलं, एकदा तरी याने तोंडातून काढलेल्या शब्दाची किंमत द्यावी. चेक माझ्या नावाचा होता. आग्यांनी खिशातलं पेन दिलं आणि म्हणाले, पाठीमागे सही कर, म्हणजे तो माझा होईल. मी केली. तू शिकवलीस तशीच, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून.

त्यांचं बँकेत खातं नाही, आणि तू कोपऱ्यात दोन रेघा मारल्यास म्हणून खिडकीवर रोख मिळत नाही. मग त्यांनी माझ्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं आणि चेक लाकूडवालीला दिला. फिटलं म्हणाले. आता तो कुमासीत आहे.

काल मी इथल्या बँकेतल्या मुलीला विचारलं, कुणाचा आहे ते न सांगता. ती म्हणाली, मागे सही झाली की कागद चालायला लागतो. ज्याने तो पैसे मोजून, काही माहीत नसताना घेतला, त्याला त्याचे पैसे मागायचा हक्क. देणाऱ्या-घेणाऱ्यांचं आपसात काय ठरलं होतं ते त्याला लागू नाही. मी विचारलं, आणि खात्यात पैसेच नसले तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक कालच्या पावाकडे बघतं. म्हणाली, "मग तो उलटा चालत येतो. ज्यांनी ज्यांनी मागे सही केली त्यांच्या दारात."

माझी सही सगळ्यांत वर आहे, दादा. तुझ्या खात्यात पैसे टाक. उसने घे, गाडी वीक, काहीही कर, पण टाक. मी तुला न विचारता केलं हे चुकलं, त्याचं नंतर हवं तेवढं बोल. आधी पैसे टाक. मला भीती वाटतेय.

न्यारकोआ


क्रोफोरोम, ८ मे

दादा,

तो आला. कागद आला आणि त्याच्यासोबत माणूसही आला.

काल गुरुवार, बाजाराचा दिवस. पाव उतरवत होते तेव्हा छत्री घेतलेला एक म्हातारा गृहस्थ बाकावर येऊन बसला. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. नाव मिस्टर अंपोफो. कुमासीच्या कोर्टात तीस वर्षं बेलिफ होते, लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवायचे. आता पेन्शनीत असले कागद विकत घेतात. लाकूडवालीला घाईने रोख हवी होती, तुझा वीस लाखांचा चेक त्यांनी तिच्याकडून सतरा लाख मोजून घेतला. मग स्वतःच्या खात्यात भरला. तो वटला नाही. बँकेने वर चिठ्ठी लावून परत केला, "काढणाऱ्यास विचारा," म्हणजे खात्यात पैसे नाहीत.

त्यांनी चेक मला हातात दिला नाही. दोन्ही हातांनी धरून लांबून दाखवला आणि पाठीवरची नावं मोठ्याने वाचली. न्यारकोआ. फोफी. मग लाकूडवालीचं. शाळेत हजेरी घेतात तशी. नंतर घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली आणि मला सांगितलं, "चेक परत आल्याचं मी तुम्हाला आज कळवलं आहे. हे कळवावं लागतं, नाहीतर तुम्ही सुटता."

मी त्यांना सगळं सांगितलं. आपल्यात काय चालतं, मांडवामागे तू काय म्हणालास, आई, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं. आई गेल्याचं वाईट वाटलं म्हणाले, आणि मला वाटतं खरंच वाटलं असावं. मग म्हणाले, "बाई, हे तुमचं आणि तुमच्या भावाचं. मी मयताला नव्हतो. माझ्या हातात कागद आला तेव्हा त्याच्यावर कुणाची कुजबूज लिहिलेली नव्हती. मी पैसे मोजून घेतलाय. आता मला त्याचे पैसे पाहिजेत."

मी म्हटलं, माझ्याकडे नाहीत. ते भट्टीकडे बघत राहिले, मग पत्र्याच्या साच्यांकडे, मग आईच्या खोलीच्या छपराकडे. मोजताना डोळे कसे फिरतात ते मला कळतं. उठताना त्यांनी तुझा पत्ता विचारला. चेकवर तुझं नाव आहे, बँक आहे, घर नाही. बँक सांगत नाही. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, सात वर्षं आमचं बोलणं नाही. ते म्हणाले की खात्यात पैसे नसताना चेक लिहिणं हा पोलिसांत जाण्यासारखा गुन्हा आहे, भावाला कळवता आलं तर कळवा. पुढच्या गुरुवारी येतो. मग एक पाव घेतला आणि त्याचे पैसे दिले, सुट्टे, बरोबर. मला त्या पैसे देण्याचीच जास्त भीती वाटली. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

आता दिवसाढवळ्यासुद्धा मी रस्त्याकडे पाठ करून पीठ मळत नाही. तुझ्या खात्यात काहीच नाही का रे? गाडी तुझी नव्हती का? मला रागावून तरी उत्तर दे. मी पत्ता दिलेला नाही, आणि देणारही नाही, पण दर गुरुवारी किती वेळा नाही म्हणता येतं ते मला माहीत नाही.

न्यारकोआ


क्रोफोरोम, २९ मे

दादा,

तुझा निरोप मिळाला. सालिफूने तो स्टँडवर मक्याचे गोळे विकणाऱ्या केंकेवालीसमोर ओरडून दिला. "तुझा भाऊ म्हणतोय, मागची सही तुझी नाही असं सांगून टाक, म्हणजे सगळे सुटतात. कसली गं सही?" मी म्हटलं, चर्चच्या वर्गणीची. केंकेवालीला पटलं नाही हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

तीन पत्रांना हे एक वाक्य, तेही दुसऱ्याच्या तोंडून. लिहून का नाही दिलंस? बहुतेक म्हणूनच.

सगळे सुटतात म्हणजे कोण ते मी बँकेतल्या मुलीकडून समजून घेतलं. सही खोटी निघाली तर साखळी तिथेच तुटते. माझा हक्क पुढे गेलाच नाही असं होतं. मग मिस्टर अंपोफोंच्या हातात नुसता कागद राहतो, तुझ्याकडे मागायला त्यांना जागा राहत नाही. मीही सुटते. मग मी तिला विचारलं, आणि ज्याने तो खोट्या सहीचा चेक पहिल्यांदा पुढे दिला तो? ती म्हणाली, "तो तुरुंगात जातो. सही त्यानेच केली असं धरतात."

तो म्हणजे आग्या फोफी. सत्तरी उलटलेला माणूस, दादा. बाबा गेले तेव्हा त्यांचीही पेटी त्यांनीच केली होती, आणि पैसे दोन कोको हंगामांनी घेतले.

तुला आठवतं का, मला चौथीतून काढलं तेव्हा? एकाच्याच फीचे पैसे होते आणि तू मुलगा होतास. तू सुट्टीला यायचास आणि कोको वाळत घातलेल्या चटयांच्या कडेला ओल्या मातीत काडीने माझं नाव लिहून घ्यायचास. माझं बोट धरून. म्हणायचास, "शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढ, न्यारको, म्हणजे तुझ्या नावापुढे कुणाला काही जोडता येणार नाही." मला वाटायचं, जगात इतकं हुशार कुणी नाही. अजूनही थोडं वाटतं. आता तीच सही माझी नाही म्हणून सांगायला तूच सांगतोस.

मी ते करणार नाही. पण तुला खरं सांगते, मी घाबरलेय, आणि घाबरले की माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. मिस्टर अंपोफो आता म्हणतात की पुढच्या वेळी सोबत पोलीस आणेन. म्हणून त्याआधी थोडे तरी पैसे पाठव. अर्धे पाठव. नाहीतर स्वतः ये. तू बाकावर माझ्या शेजारी बसलास तरी मला बोलता येईल.

न्यारकोआ


क्रोफोरोम, १२ जून

दादा,

मी ते बोलले.

काल मिस्टर अंपोफो पोलिसाला घेऊन आले. पोलीस तरुण होता, त्याला भूक लागली होती, पावांकडे बघत होता. मिस्टर अंपोफोंनी चेक पुढे धरला, उलटा करून. म्हणाले, "बाई, घाई नाही. नीट बघा आणि याच्यासमोर सांगा. ही सही तुमची ना?"

मी शेपटी पाहिली. मी म्हटलं, "नाही."

एवढंच. मला वाटलं होतं की काहीतरी मोठं होईल, आभाळ वगैरे. काही झालं नाही. मिस्टर अंपोफोंनी मात्र छत्री या हातातून त्या हातात घेतली, मी त्यांना पहिल्यांदाच गडबडलेलं पाहिलं. मग ते पोलिसाला समजावून सांगू लागले, शांतपणे, की असं असेल तर हा बनावट सहीचा कागद आहे, आणि बनावट सही आपोआप होत नाही, कुणीतरी करतं. पोलिसाने विचारलं, बाईंकडून पुढे कुणाकडे गेला? नाव तर खालीच लिहिलेलं होतं.

आग्यांचं दुकान समोरच, त्याला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

आग्या फोफी आले तेव्हा त्यांच्या केसांत भुसा होता. त्यांना वाटलं, चौकीचं दार बसवायला बोलावलंय. मोजपट्टीसुद्धा घेतली होती बरोबर. पोलिसाने सांगितल्यावर त्यांना आधी कळलंच नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "न्यारको, माझ्याच पेनने केलीस ना गं?" खिशातून पेन काढून त्यांनी मला दाखवलं. निळं, टोपण चावलेलं.

मी पीठ मळत होते. मळत राहिले. इतकं मळलं की ते वाया गेलं.

त्यांना चौकीच्या कोठडीत ठेवलंय. बायकोने डबा नेला तर बाहेरच ठेवून घेतला. तिने येताना माझ्या दारासमोरून रस्ता बदलला नाही, उलट थांबली आणि विचारलं, "न्यारको, काहीतरी चूक झालीय ना? तू जाऊन सांगशील ना?" तिला अजून वाटतं की मी त्यांच्या बाजूची आहे.

कालपर्यंत मी मिस्टर अंपोफोंना घाबरत होते. आता तसं नाही. आता मला माझीच भीती वाटते, की हे असंच राहू दिलं तर मला हळूहळू बरं वाटायला लागेल.

न्यारकोआ


क्रोफोरोम, १८ जून

दादा,

सालिफू निघायला थोडाच वेळ आहे, म्हणून भराभर लिहिते. नीट वाच आणि सांगितलंय तेवढं कर.

तुला लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेले. म्हटलं, सही माझी आहे, मी खोटं बोलले. साहेबाने कागद पुढे टाकला, म्हणाला, करून दाखव. माझा हात थरथरत होता. तीनदा केली, तिन्ही वेगवेगळ्या. शेपटी एकदाही जमली नाही. साहेब हसला. म्हणाला, "आई, म्हाताऱ्याची दया येते हे ठीक आहे. पण दयेने सही जुळत नाही. घरी जा, तुला काही होणार नाही."

मला काही होणार नाही! मी बाहेर पायरीवर बसून रडले. खोटं बोलले तेव्हा एका शब्दावर विश्वास बसला. खरं सांगायला गेले तर माझा हातच माझ्यावर उलटला.

तिथे मिस्टर अंपोफो भेटले. ते माझ्याशेजारी पायरीवर बसले, आधी रुमाल पसरून. म्हणाले, "तुमची सही खरी ठरली तर मला पैसे मिळतील. खोटी ठरली तर मला काही नाही, आणि म्हाताऱ्याला तुरुंग. म्हणून यावेळी आपण एका बाजूला आहोत, बाई. तुमच्या हातची जुनी सही आणा. भांडण सुरू व्हायच्या आधीची."

मी घरभर शोधलं. माझी सही कुठेच नाही, दादा. देणग्यांच्या वहीवर मामांची आहे. चर्चमध्ये अंगठा घेतात, कारण मला लिहिता येतं हे त्यांनी कधी विचारलंच नाही. पिठाच्या दुकानात तोंडी चालतं. उभ्या जन्मात मी माझं नाव दोनच ठिकाणी लिहिलंय: त्या चेकच्या पाठीवर, आणि तुला लिहिलेल्या पत्रांखाली.

ती पत्रं तुझ्याकडे आहेत. पहिलं टपालाने आलं, पाकिटावर शिक्का आहे, २३ मार्चचं. तेव्हा चेक परतही आला नव्हता. दुसऱ्यात तर मी स्वतः लिहिलंय की सही केली आणि कुणाच्या पेनने. मंगळवारी, २३ तारखेला, सुनावणी आहे. सोमवारी सालिफू परत निघतो. त्याच्याकडे दे. तू यायची गरज नाही. तुझं नाव मी घेणार नाही.

फाडली असशील तर तसं सांग. पण तू कागद फाडणारा नाहीस, तू दुसऱ्याला फाड म्हणून सांगणारा आहेस. पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटतंय.

न्यारकोआ


क्रोफोरोम, २४ जून

दादा,

पाकीट मिळालं. सालिफूने सोमवारी संध्याकाळी भट्टीवर आणून दिलं. म्हणाला, वहिनीने दिलं, ती काही बोलली नाही.

कोर्टात न्यायाधीशबाई होत्या. त्यांनी तिन्ही पत्रं चेकशेजारी ठेवली, चष्मा वर-खाली केला आणि शेपट्या पाहिल्या. बाजूच्या कारकुनालाही दाखवल्या. मग माझं दुसरं पत्र मोठ्याने वाचून घेतलं. "सात वर्षं तिची कूस मी बदलली" हेसुद्धा वाचलं गेलं, भरल्या कोर्टात, केंकेवाली मागच्या बाकावर असताना. मग मला उभं करून असं खडसावलं की मला चौथीतली मी आठवले. मी मान खाली घालून ऐकलं. पोलिसांना खोटं सांगितल्याबद्दल दंडही झाला.

आग्या फोफींना सोडलं. कोठडीत बारा दिवस काढले त्यांनी. बाहेर येताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. फक्त जाताना म्हणाले, "पेन त्यांनी जमा करून घेतलं. एक घेऊन दे." आज सकाळी नेऊन दिलं. दोन दिली. त्यांनी एकच ठेवलं.

मिस्टर अंपोफोंचं ठरलंय. सही माझी, म्हणून पैसे मी द्यायचे. भट्टी ते घेणार नाहीत. दर गुरुवारी बाजार उठला की ते येतील आणि विक्रीतला हिस्सा नेतील. मी हिशेब केला, अडीच वर्षं लागतील. शेवटचा हप्ता दिला की ते चेक माझ्या हातात देणार. तेव्हा तो कागद माझा होईल, आणि ज्याने तो लिहिला त्याच्याकडे मागायचा हक्कही माझा. हे त्यांनीच समजावून सांगितलं, दोनदा.

आता तुझ्या पाकिटाचं.

मी पाच पत्रांची वाट पाहत होते. आली तीन. ८ मेनंतरचं एकही नाही. तुझा निरोप ज्यात लिहिला होता ते नाही, आणि मी ते बोलले ते सांगणारंही नाही. आणि पहिल्या पत्राच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का जागेवर आहे, पण त्याखाली जिथे मी तुझा पत्ता लिहिला होता तिथे चौकोनी भोक आहे. ब्लेडने, पट्टी लावून कापलंय. किती सरळ कापलंस रे. मी ते भोक डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बसले. त्यातून भट्टी दिसत होती.

मिस्टर अंपोफोंच्या नजरेतून ते सुटलं नाही. सुनावणीनंतर त्यांनी पाकीट उचललं, भोकातून बोट घातलं आणि मला विचारलं, "८ मेनंतर तुम्ही भावाला काहीच लिहिलं नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

तोच शब्द, दादा. त्याच तोंडून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाकीट खाली ठेवलं. त्यांना कळलं असावं. पण यावेळी त्याने कुणी कोठडीत जाणार नाही, भरणार ती मीच.

तू घाबरलेला आहेस हे मला त्या भोकाने सांगितलं. इतकी पत्रं वाट पाहून जे कळलं नाही ते तेवढ्याने कळलं. गाडी तुझी नाही, धंदा बुडालाय, दारावर टकटक झाली की तू वहिनीला पुढे करतोस, असंच असणार. मलाही आता तशी टकटक ऐकू येते. आपण दोघं एकाच आईची पोरं, हे इतक्या वर्षांत आजच पटलं.

अडीच वर्षांनी तो चेक घेऊन मी तेमाला येईन. पत्ता मला पाठ आहे. पैसे मागायला येणार नाही असं मी लिहून देत नाही, कारण मला अजून माहीत नाही. पण येईन, आणि दार मी वाजवेन. तेव्हा तू स्वतः उघड.

या पत्राखाली मी सही करत नाही. एकदा केलेली अजून फेडायची आहे. कुणाचं पत्र आहे ते तुला अक्षरावरून कळेल.